मी जर्मनीला गेले आणि केळी शिकून आले

घरी येऊन आता चार महिने होतील आणि अजून जो भेटेल तो तेच विचारतो, मग काय काय पाहिलं तिकडे? सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायचे, कलोनचं मोठं चर्च, बर्लिनची भिंत, ख्रिसमस मार्केट वगैरे. आता कंटाळा आला म्हणून खरं सांगते, डुकरं पाहिली. बाराशे. रोज. मग समोरचा माणूस आपोआप दहावीच्या टक्क्यांवर येतो.

तर मी जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यातली. आमच्याकडे केळी. म्हणजे आमच्याकडे सगळ्यांकडेच केळी, गावात लग्नाची तारीखसुद्धा कापणी बघून ठरते. २०२३ ला दहावी झाली आणि रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये माझा नंबर लागला. यात असं असतं की शाळेचं एक पूर्ण वर्ष तिकडच्या कुटुंबात राहायचं, तिकडच्या शाळेत जायचं, आणि तिकडचं कोणीतरी पोरगं किंवा पोरगी इकडे येते. घरात अर्थातच रामायण झालं. काका म्हणे वर्ष वाया जाईल, ही येईपर्यंत बाकीच्या पोरी बारावीला जातील (काका बरोबर निघाले, मी आत्ता परत अकरावीत बसतेय, माझ्यापेक्षा लहान पोरींसोबत, आणि त्या मला ताई म्हणतात, जाऊ दे). आजीचं टेन्शन वेगळंच होतं. तिला मी एक्स्चेंजचे नियम वाचून दाखवले, गाडी चालवायची नाही, दारू नाही, ड्रग्ज नाही, डेटिंग नाही. ती म्हणाली, "हे तं आपल्याच घरचे नियम झाले, मंग तठी जाऊन काय करशील?"

ऑगस्टमध्ये भुसावळहून रेल्वेत बसले तेव्हा बॅगेत तेवीस किलोपैकी सहा किलो आजीने भरलेलं होतं. बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, लोणचं, आणि एका पुडीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ.

जर्मनीत मी होते म्युन्स्टरजवळच्या एका खेड्यात. म्युन्स्टर म्हणजे ते सायकलींचं शहर, तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत असं सगळे सांगतात आणि स्टेशनबाहेर उभं राहिलं की पटतं. आजूबाजूचा भाग सपाट, मका, बटाटे, गोठे, विटांची घरं. खरं सांगू, मी विमानातून उतरून गाडीत बसले आणि तासभर दोन्ही बाजूला मकाच मका बघितला तेव्हा पहिला विचार आला की एवढ्या लांब येऊन मी परत शेतातच चाललेय.

होस्ट बाबा शेतकरी. डुकरं पाळतात. आता हे घरी कसं सांगायचं? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे जनावरं आहेत. आजीने विचारलं, म्हशी का गाई? मी म्हटलं, नाही गं, छोटी जनावरं. ती समजली बकऱ्या. हे बकऱ्यांचं प्रकरण मी दोन महिने चालवलं, ती दर रविवारी विचारायची बकऱ्या कशा आहेत आणि मी म्हणायचे मजेत आहेत. मग ऑक्टोबरमध्ये एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना होस्ट बाबांनी मोठ्या कौतुकाने माझ्या हातातून फोन घेतला आणि सरळ शेडमध्ये गेले. मी मागे पळत. स्क्रीनवर आजी एकदम गप्प. मग शांतपणे म्हणाली, "हे तं डुकरं आहेत व माय." मी म्हटलं, हो. परत गप्प. मग म्हणे, "किती हायेत?" बाराशे. "अन् भाव काय भेटते?" बस, एवढंच. चाळीस वर्षं केळी विकलेल्या बाईला डुकराचं नाही, भावाचं पडलं होतं. मी उगाच दोन महिने बकऱ्या सांभाळल्या.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी जेवताना (संध्याकाळी ते लोक ब्रेडच खातात, थंड, चीज लावून, साडेसहा वाजता! त्यांचा एक काळा ब्रेड असतो पंपरनिकल नावाचा, तो सोळा तास वगैरे भाजतात, रंग बघून मला वाटलं कळण्याची भाकर, आणि पहिला घास खाल्ल्यावर वाटलं की नाही) तर जेवताना होस्ट बाबांनी विचारलं, तुमचं शेत कशाचं? मी म्हटलं केळीचं. त्यांचे डोळे एवढे मोठे. त्यांच्या घरात केळी रोज असायची, निळा स्टिकर लावलेली, पण केळी पिकवणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग सुरू झाले प्रश्न. एका एकरात किती झाडं? पाणी किती लागतं? एका झाडाला किती घड येतात? घड किती किलोचा? लावल्यापासून किती दिवसांनी? एकदा कापल्यावर ते झाड परत फळ देतं का?

आणि मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर येईना.

मी सोळा वर्षं त्या बागेत राहिले. म्हणजे घर बागेतच आहे, खिडकी उघडली की केळीचं पान हाताला लागतं. पण मला काय माहीत होतं? की पप्पा सकाळी बागेत जातात आणि ठिबकच्या नळ्यांवरून कोणाशी तरी भांडत परत येतात. मला अभ्यास करायचा होता, मला तिथून बाहेर पडायचं होतं, शेतात काय चाललंय हे बघायला घरातल्या कोणी सांगितलंही नाही, उलट "तू अभ्यास कर" हेच. मी लाल होऊन म्हटलं, वडिलांना विचारून सांगते.

रात्री, म्हणजे आमच्याकडे पहाट, साडेतीन तासांचा फरक, पप्पांना फोन लावला. आणि पप्पा, जे फोनवर "हं, बोल, पैसे आहेत का, ठेवू?" याच्यापुढे कधी जात नाहीत, ते पाऊण तास बोलले! सहा बाय पाच फुटांवर लावलं की एकरी साडेचौदाशे रोपं. टिश्यू कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेलं रोप, जी-नाईन जातीचं, अकरा-बारा महिन्यांत कापणी. घड वीस-पंचवीस किलोचा. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी. एका खोडाला एकदाच घड, मग ते कापायचं आणि बाजूचं पिलू वाढवायचं, ती पिलबाग. आणि केळी हे झाडच नाही, खोड म्हणजे पानांचेच थर एकात एक, हे मला बायोलॉजीत नाही, पप्पांकडून म्युन्स्टरजवळच्या पोटमाळ्यावरच्या खोलीत बसून कळलं. मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी होस्ट बाबांना सांगितलं. त्यांनी अजून दहा प्रश्न काढले.

असं मग रोजचंच झालं. मध्ये मी. माझं जर्मन तेव्हा एवढं वाईट की निसवण (म्हणजे घड बाहेर पडणं) या शब्दाला मी हाताने पोट दाखवून "बाळ येतं तसं कमळ बाहेर येतं" सांगितलं होतं, होस्ट बाबांची आई, जिला सगळे ओमा म्हणतात, ती हसून हसून खोकायला लागली. ओमाचं बरं होतं, ओमा म्हणजे आजी, म्हणून टाकायचं. होस्ट आई-बाबांना मात्र नावाने हाक मारायची असते तिकडे, नुसतं नाव, ना काका ना काही. पन्नाशीच्या माणसाला! मला जमलंच नाही, पहिला महिना मी हाकच मारली नाही, काम असलं की समोर जाऊन उभी राहायचे आणि ते बघेपर्यंत थांबायचे. त्यांना वाटलं मी फार शांत स्वभावाची आहे.

शाळेचं थोडं सांगते कारण सगळे विचारतात. सात किलोमीटर सायकल, पावसात पण, तिथे पाऊस हे कारण नाहीच. मी दहावीच्या वर्गात. मार्क उलटे, एक म्हणजे सगळ्यात भारी आणि सहा म्हणजे गेला. मला गणिताच्या पहिल्या पेपरात पाच मिळाले, भाषाच कळली नव्हती, मी घरी सांगितलं पाच मिळाले, पप्पा म्हणे कितीपैकी, मी म्हटलं सहापैकी, तर पेढे वाटायचे बाकी होते. निम्मे मार्क वर्गात बोलण्याचे असतात, हात वर करायचा, मत सांगायचं, चुकलं तरी चालेल. मी पहिले पाच महिने भिंत.

आणि हिट्झेफ्राय! हे ऐका. सप्टेंबरमध्ये एक दिवस तिसऱ्या तासाला अनाउन्समेंट झाली आणि सगळी पोरं ओरडत बाहेर पळाली, मला वाटलं आग लागली. तर उन्हामुळे सुट्टी. वर्गात सत्तावीस डिग्रीच्या वर गेलं की मुख्याध्यापक सुट्टी देऊ शकतात. सत्तावीस! आमच्याकडे सत्तावीसला स्वेटर शोधतात. मी भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस डिग्रीत टीनच्या पत्र्याखाली युनिट टेस्ट दिलेली मुलगी, मी तिथे उभी राहून एवढी हसले की एक मॅडम विचारायला आल्या की तुला ऊन तर नाही ना लागलं.

पण हिवाळ्यात माझी जिरली. डिसेंबरमध्ये सव्वाचारला सूर्य मावळतो आणि त्या वर्षी पाऊस थांबेचना, शेतात पाणी, बटाटे काढायचे राहिलेले, सगळं करडं करडं. मी शाळेतून यायचे आणि झोपायचे. पप्पांना सांगितलं की काही करावंसं वाटत नाही. ते म्हणाले, तुला चरका बसला. चरका म्हणजे थंडीत पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड बाहेर पडायचा तो अडकून बसतो. मी विचारलं त्याला औषध काय, तर म्हणे रात्रीचं पाणी द्यायचं, कडेने शेकोट्या करून धूर करायचा, अन् बाकी थंडी जायची वाट बघायची. मी ओमाच्या शेगडीजवळ जाऊन बसायला लागले. बिबडे भाजले तिथेच, चिमट्याने. ओमाला आवडले, तिने वरून बटर लावलं, काय बोलणार.

मग जानेवारीत तो ट्रॅक्टरचा आठवडा. हा मला कधीच विसरता येणार नाही. झालं असं की तिथल्या सरकारने डिसेंबरमध्ये ठरवलं की शेतीच्या डिझेलवर जी सवलत मिळते, लिटरमागे एकवीस सेंटच्या आसपास, ती काढायची, आणि ट्रॅक्टरला जो टॅक्स माफ आहे तो पण लावायचा. शेतकरी भडकले. टॅक्सचं सरकारने लगेच मागे घेतलं आणि डिझेलचं एकदम न काढता थोडं थोडं काढू म्हणाले, पण तोपर्यंत उशीर झाला होता, ८ जानेवारी २०२४ ला देशभर ट्रॅक्टर रस्त्यावर. होस्ट बाबा पहाटे चारला निघाले. मी आणि होस्ट आई नंतर गाडीने गेलो बघायला. थंडी अशी की नाक जाणवत नव्हतं आणि रस्त्यावर जिथवर नजर जाईल तिथवर ट्रॅक्टरचे पिवळे दिवे. एका ट्रॅक्टरवर पाटी होती, तिकडे ती बऱ्याच जणांनी लावली होती, जर्मनमध्ये यमक जुळतं, अर्थ असा की शेतकरी बुडाला तर तुझं जेवण बाहेरच्या देशातून येईल.

मी ते पप्पांना लाइव्ह दाखवलं. पप्पा खुर्चीवरून उठले. मम्मीला हाक मारली, काकांना बोलावलं, आमच्या ओट्यावर सात-आठ माणसं जमली आणि सगळे फोनमध्ये बघतायत. पप्पांना भाषांतर लागलंच नाही. फक्त एवढं विचारलं, "ह्या लोकांकडे पण भाव दुसराच ठरवते का?" मी होस्ट बाबांना विचारलं. ते म्हणाले, दर बुधवारी डुकराचा भाव निघतो, मला फक्त कळतो. पप्पा म्हणाले आम्हाला रोज कळतो, बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा. दोघं हसले. मला हसू आलं नाही, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पप्पा रोज संध्याकाळी फोनवर तो मेसेज बघून गप्प का होतात. सोळा वर्षं मी समजत होते की त्यांचा स्वभावच तसा आहे. पुढच्याच महिन्यात इकडे पंजाबचे शेतकरी दिल्लीला निघाले तर होस्ट बाबांनी बातम्या बघून मला विचारलं, तुझे बाबा पण गेलेत का? मी म्हटलं नाही, कापणी चालू आहे. त्यांना ते उत्तर लगेच पटलं.

त्यानंतर भूगोलाच्या तासाला जागतिक व्यापार आला आणि सरांनी उदाहरण काय काढलं? केळी. दुकानातल्या एका केळ्याच्या किमतीत कोणाला किती मिळतं ते. मी हात वर केला. पूर्ण वर्ग मागे वळला, भिंत बोलणार होती ना. मी सांगितलं की जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकतात, वर्षाला ३ कोटी टनांच्या वर, पण बाहेर विकण्यात पहिला नंबर इक्वाडोरचा, कारण आमची बहुतेक केळी आम्हीच खातो. की तुम्ही खाता ती आणि माझ्या घरची कॅव्हेंडिशच, एकाच कुळातली. की जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचंच खास पीक अशी सरकारी नोंद, मिळालंय. आणि की मागच्या आठवड्यात माझ्या वडिलांना किलोला तेरा रुपये मिळाले, म्हणजे पंधरा सेंटपण नाही, आणि तुमच्या दुकानात सव्वा युरो आहे. एका मुलाने विचारलं, मग ते परवडतं कसं? मी म्हटलं, हेच मी पण फोनवर विचारलं होतं. सरांनी त्या दिवशी बोलण्याचे दोन दिले. उलटे मार्क, विसरू नका.

रोटरी क्लबमध्ये प्रत्येकाला आपल्या देशावर प्रेझेंटेशन द्यावं लागतं. माझं पहिलं झालं होतं ऑक्टोबरमध्ये, ताजमहाल, गेटवे, होळी. ताजमहाल मी पाहिलेला नाही. मार्चमध्ये दुसऱ्या क्लबने बोलावलं तेव्हा मी सगळं डिलीट केलं आणि पप्पांनी पाठवलेले फोटो लावले, कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरची लावण, मृगबाग म्हणजे जूनची, करपा, घडाला घातलेली पिशवी, सावद्याच्या स्टेशनवर दिल्लीला जाणारा माल. फोटोंमध्ये प्रत्येक ठिकाणी पप्पांचा अंगठा आलेला आहे. वीस मिनिटांचं पाऊण तास झालं.

नंतर मी दुसऱ्या होस्ट फॅमिलीकडे राहायला गेले, ती शहरात होती, खूप चांगली माणसं, फ्लॅट, बाल्कनी, दर शनिवारी बाटल्या परत द्यायला घेऊन जायच्या, प्लॅस्टिकच्या एका बाटलीचे पंचवीस सेंट परत मिळतात (हे आपल्याकडे केलं तर गावात एक बाटली दिसणार नाही). पण रविवारी मी सायकल काढून पहिल्या घरी जायचेच.

मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी मी तिथेच होते, होस्ट बाबांसोबत अंगणात, तेव्हा पप्पांचा कॉल आला. ते काही बोलले नाहीत, फोन फिरवला फक्त. वादळ येऊन गेलं होतं. आमच्या घरामागची बाग, खिडकीला पान लागायचं ती, सगळी एकाच बाजूला आडवी. घडासकट. होस्ट बाबांनी बघितलं. मग विचारलं, किती महिन्यांची होती? मी भाषांतर केलं. दहा. पुढच्या महिन्यात कापणी होती. विमा आहे? आहे, हवामानावरचा, वाऱ्याचा वेग मोजतात. पडलेल्याचं काय करतात? बरी असतील ती वेफर्सवाल्यांना, मिळेल त्या भावात, बाकीची कुट्टी करून जमिनीत. हे सगळं मी इकडून तिकडे, तिकडून इकडे सांगत होते, एकदम नीट, कृदंतं वगैरे बरोबर लावून, आणि कॉल संपल्यावर शेडच्या मागे जाऊन रडले. दहा महिन्यांत घरची तेवढी आठवण कधीच आली नव्हती. परत आले तर ओमाने टेबलावर पॅनकेक ठेवले होते आणि कोणी काही विचारलं नाही.

जुलैमध्ये परत आले. तेव्हा तिकडे फुटबॉलचा युरो चालू होता, घराघरांवर झेंडे, आणि जर्मनी क्वार्टर फायनलला स्पेनकडून हरली त्या रात्री अख्खं खेडं असं शांत होतं जसं काही सगळ्यांचीच बाग पडलीय.

आता मी सकाळी कॉलेजच्या आधी पप्पांसोबत बागेत जाते, अर्धा तास. काही मोठं करत नाही, ठिबकच्या नळ्या बघते. पप्पांना आधी विचित्र वाटलं, म्हणे अभ्यास कर.

आणि त्या दोघांना आता माझी गरज उरलेली नाही. होस्ट बाबा दर शनिवारी दुकानातल्या केळ्यांच्या स्टिकरचा आणि भावाच्या पाटीचा फोटो पाठवतात, पप्पा त्या दिवशीचा रावेरचा भाव टाकतात, आणि खाली "मोईन" लिहितात, तिकडे नमस्काराला तसं म्हणतात, पप्पा ते रात्री दहाला पण लिहितात. बाकी सगळं मोबाइलमधल्या ट्रान्सलेटवर. गेल्या महिन्यात पप्पांनी लिहिलं की यंदा कांदेबाग जोरात आहे, तर ते तिकडे कांद्याचा मळा म्हणून गेलं. होस्ट बाबांना वाटतंय की वादळानंतर आमच्या घराने केळी सोडून कांदा लावला. त्यांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, खूप काळजीने, की तुझे बाबा ठीक आहेत ना, आणि कांद्याला भाव काय आहे?

मी भाव सांगितला. बाकी अजून काही सांगितलेलं नाही.